लूट कुणाची, थांबायचं कुणी

आमच्या गटात गेम निवडायचं काम माझ्याकडे कसं आलं ते आता कुणालाच आठवत नाही. आलं ते मात्र गेलं नाही. हातातला गेम संपत आला किंवा त्याचा कंटाळा आला, की व्हॉट्सॲपवर मला प्रश्न येतो, ‘आता काय?’ मग मी काही दिवस यूट्यूबवर अनोळखी लोकांचं खेळणं बघत बसतो, स्टीमवरचे वाईट शेरे आधी वाचतो, चांगले नंतर, आणि ग्रुपवर एक नाव टाकतो. त्यावर चार माणसांची पाच मतं पडतात.

प्रकार ठरलेला आहे : डंजन क्रॉलर. भुयारात उतरायचं, अंधारात एकेक दार उघडत जायचं, अंगावर येईल ते मारायचं, सापडेल ते उचलायचं आणि जिवंत वर यायचं. बाबांना हे एकदा समजावून सांगितलं तर ते म्हणाले, ‘म्हणजे आमचे नाथमाधव आणि गो. ना. दातार. पानं उलटायच्या ऐवजी तुम्ही बटणं दाबता, एवढंच.’ बरोबरच होतं त्यांचं. पण कादंबरीतल्या भुयारात वाचक एकटाच उतरतो. आम्हाला चौघांनी उतरायचं असतं आणि सगळी गोम तिथेच आहे.

मी राहतो बनशंकरीत. नोकरीसाठी मिरजेहून बंगळूरला आलो तेव्हा सेकंड स्टेजमध्ये बीडीए कॉम्प्लेक्सजवळ खोली मिळाली आणि पुढे वस्ती बदलावीशी वाटली नाही. आमची कुलदेवता बदामीची बनशंकरी. त्यामुळे माझ्या आत्याची पक्की समजूत आहे, की मी देवीच्या ओढीनं इथं घर घेतलं. कनकपुरा रोडवरचं देऊळ वेगळं आणि बदामीचं मूळ ठाणं वेगळं, हे तिला सांगून झालं आहे. ती ऐकत नाही. आता मीही सांगत नाही.

त्या पहिल्या भाड्याच्या घरात आम्ही सगळे एकाच वयाचे, एकाच पगाराचे. एक सांगलीचा, एक बेळगावचा, एक पुण्याचा आणि एक मंड्याचा कन्नडिगा. त्यानं आमच्याकडून मराठी शिव्या उचलल्या, आम्ही त्याच्याकडून भाजीवाल्याशी घासाघीस करण्यापुरतं कन्नड. एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रोडवर, जुने सुटे भाग घेऊन प्रत्येकानं आपापला कॉम्प्युटर जोडला होता. नेटवर्कचा स्विच आणि क्रिम्पिंगची पक्कडही तिथलीच. केबल कापून टोकाला कनेक्टर बसवायचं काम पुणेकराकडे. त्याच्या हातची केबल कधी सुटली नाही.

आम्ही खेळायचो ‘डायब्लो टू’. गेम आला २००० साली, आम्ही खेळलो त्यानंतर पाच-सहा वर्षांनी. सीडी कुठून आली हे त्या काळी कुणी कुणाला विचारत नसे. त्यात राक्षस मेला की त्याच्याजवळची हत्यारं, चिलखतं, अंगठ्या जमिनीवर विखुरतात. आल्ट दाबलं की त्यांची नावं दिसतात. साध्या वस्तू पांढऱ्या अक्षरांत, सगळ्यात दुर्मिळ सोनेरी. सोनं जवळच्या साथीदारांमध्ये आपोआप वाटलं जातं. वस्तू मात्र ज्यानं आधी क्लिक केलं त्याची.

पहिल्या अंकाच्या शेवटी अँडॅरियल नावाची राक्षसीण आहे. ती पडली की पडद्यावर एवढी धांदल उडते, की सांगलीकराचा कॉम्प्युटर दोन क्षण गोठायचा. सगळ्यात जुनं मशीन त्याचं. चित्र पुन्हा हलायला लागेपर्यंत जमीन साफ झालेली असायची. तो काही बोलायचा नाही. स्वभावच तसा, जेवतानाही शेवटची पोळी दुसऱ्याकडे सरकवणारा. मग त्याला ऑफिसमध्ये उशीर व्हायला लागला, मग शनिवारीही काम निघायला लागलं. आम्ही त्याच्या मॅनेजरला नावं ठेवली. फार नंतर, त्याच्या लग्नात, हळदीच्या पिवळ्या हातानं माझा खांदा धरून तो म्हणाला, ‘काम-बीम काही नव्हतं रे. सगळं तुम्हीच उचलायचात. मी नुसता हमाल होतो.’

तेव्हापासून कुठल्याही गेममध्ये मी पहिली गोष्ट बघतो ती लूट कशी वाटली जाते ही. चित्रं, संगीत, कथा सगळं त्याच्यानंतर.

या प्रकाराचा जुना इतिहास वाचला तर हा प्रश्न पहिल्यापासून तिथे आहेच. १९८० चा ‘रोग’ हा मूळपुरुष. त्यात सगळं भुयार कीबोर्डवरच्या अक्षरांनी काढलेलं आणि खेळणारा एकटा. वाटणीचा प्रश्नच नाही. मग १९८५ मध्ये अटारी गेम्सनं ‘गाँटलेट’ आणला : एकच मोठं यंत्र आणि त्याच्यासमोर चार जण खांद्याला खांदा लावून. योद्धा, वाल्किरी, जादूगार आणि एल्फ. प्रत्येकाची प्राणशक्ती सेकंदासेकंदाला आपोआप उतरत राहायची. ती वाढवायची तर भुयारात सापडलेलं अन्न खायचं, नाहीतर यंत्रात आणखी एक नाणं टाकायचं. अन्न एक, खाणारे चार. वर, चुकून बाण लागला तर ते अन्न नष्टही व्हायचं. अन्नावर बाण मारू नका, असं ते यंत्र स्वतःच बोलून बजावायचं. मशीनच्या मालकाच्या दृष्टीनं ही बेफाम कल्पना होती. भुकेलेल्या माणसाच्या खिशात नाणं असतंच. खेळणाऱ्यांना त्यातून पहिल्यांदा कळलं, की राक्षसापेक्षा आपल्या शेजारी उभा असलेला मित्र जास्त धोक्याचा असू शकतो.

पुढे आम्ही पांगलो. पुणेकर पुण्याला परत गेला, बेळगावकर बेळगावात स्वतःचा धंदा बघायला लागला, सांगलीकर न्यू जर्सीला. मंड्याचा तेवढा इथेच, कत्रिगुप्पेला. खेळणं बंद पडायचं हेच वय. पडलं नाही, कारण तेवढ्यात इंटरनेट बरं झालं.

२०१२ च्या मे महिन्यात ‘डायब्लो थ्री’ आला. त्या वेळी आमच्यापैकी दोघांकडे घरचं कनेक्शन असं होतं, की पाऊस म्हटला की ते गेलंच. आणि हा गेम एकट्यानं खेळायचा असला तरी सतत ऑनलाइन असावं लागायचं. पहिल्या दिवशी तर जगभरातच सर्व्हर कोसळले होते आणि लोक ‘एरर ३७’ बघत बसले होते. त्यातली एक सुधारणा मात्र मोलाची होती. प्रत्येकाला आपापली लूट वेगळी दिसायची. जमिनीवर पडलेली माझी अंगठी तुला दिसतच नाही, तर तू उचलणार काय? त्याच वर्षी सप्टेंबरात ‘टॉर्चलाइट टू’ आला. मूळ डायब्लो बनवणाऱ्यांपैकीच काही जण त्यामागे होते. लूट इथेही वेगळी, सहा जणांपर्यंत सोय, आणि मुख्य म्हणजे लॅनवर खेळता यायचं. हमाची नावाचं सॉफ्टवेअर टाकून आम्ही आपापल्या गावांतले कॉम्प्युटर एकाच खोलीत असल्यासारखे जोडले आणि तो गेम भरपूर खेळलो.

भांडणं संपली. पण काही महिन्यांनी माझ्या लक्षात आलं, की आमचं बोलणंही संपलं आहे. लढाई झाली की चौघंही आपापली पिशवी उघडून बसायचे. हे हत्यार बरं की ते, आकडे जुळवायचे, नको ते विकायचं. हेडफोनमध्ये नुसता माऊसचा टकटक आवाज. पूर्वी निदान ‘ए, तो परशू माझा आहे’ म्हणून कुणीतरी ओरडायचं. वेगळ्या वाटणीनं न्याय झाला, त्यात वाद नाही. पण चौघं चार भुयारांत असल्यासारखे झाले होते.

या शांततेवर उतारा म्हणून मी ‘मॅजिका’ काढला. हा २०११ चा, स्वीडनच्या ॲरोहेडचा गेम. यात लूट जवळपास नाहीच. चार जादूगार आणि आठ तत्त्वं : पाणी, अग्नी, वीज, थंडी, दगड, प्राण, ढाल आणि गूढशक्ती. कीबोर्डवर ती भराभर एकत्र करायची आणि सोडायची. गंमत अशी, की तुमची जादू मित्रालाही लागते आणि हे बंद करायची सोय नाही. ओल्या अंगानं वीज सोडली तर ती सोडणाऱ्यालाच बसते. प्राण आणि वीज एकत्र केली की मेलेला साथीदार उठतो, पण गडबडीत एक बटण चुकलं की उठवायच्या ऐवजी उरलेलाही मरतो.

इथे पुण्याच्या वहिनी खेळात आल्या. नवऱ्याचं ओरडणं ऐकून बघायला म्हणून आल्या होत्या. त्यांनी खुर्ची घेतली ती सोडली नाही. हिशेबाच्या कामानं बोटं बसलेली, त्यामुळे कीबोर्डकडे न बघता आठही तत्त्वं पडायची. पहिल्याच संध्याकाळी मला तीनदा जाळून झाल्यावर म्हणाल्या, ‘भाऊजी, तुम्ही माझ्या पुढे का उभे राहता? मागे थांबा ना.’ या वाक्यात सहकारी खेळाचं अर्धं शास्त्र आलं. पुणेकर आता आमच्यात नसतो. त्याच्या जागी वहिनी असतात, आणि खरं सांगायचं तर गटाचा दर्जा त्यामुळे वाढला आहे.

वहिनींमुळे आणखी एक कळलं. नवा माणूस किती चांगला खेळतो याला महत्त्व नसतं. पहिल्या पंधरा मिनिटांत त्याला काहीतरी उपयोगाचं करता आलं पाहिजे. ‘पाथ ऑफ एक्झाइल’ आम्ही लॉकडाऊनमध्ये घेतला. घेतला म्हणजे उतरवला, तो फुकट आहे. न्यूझीलंडमधल्या लोकांनी मोठ्या प्रेमानं केलेला, अफाट गेम. त्यात कौशल्यांचं एक झाड आहे, हजाराहून जास्त गाठींचं. ते उघडल्याबरोबर बेळगावकर म्हणाला, ‘मी इन्कम टॅक्सचं रिटर्न भरून आत्ताच उठलोय, मला हे नको.’ मंड्याच्या मित्राला मात्र ते झाड एवढं आवडलं, की आठवड्याच्या मधल्या रात्री तो एकटाच खेळायला लागला. रविवारी आम्ही भेटायचो तेव्हा तो आमच्या इतका पुढे गेलेला असायचा, की आम्ही खोलीत शिरेपर्यंत खोलीतलं सगळं मेलेलं असायचं. आम्ही त्याच्यामागून चालायचो आणि पडलेलं उचलायचो. एकट्यानं खेळायचं नाही असा नियम करून पाहिला. ज्याला रात्री झोप येत नाही त्याला नियम काय सांगणार? त्याच्या घरी तेव्हा आजारपण होतं आणि दिवसभरात तेवढे दोन तासच त्याचे स्वतःचे होते.

म्हणून आता मी दुसरी गोष्ट बघतो : एक जण पुढे गेला तर बाकीच्यांचं काय होतं?

त्याच काळात भाची आमच्याकडे होती, दहा वर्षांची. २०२० च्या मे महिन्यात ‘माइनक्राफ्ट डंजन्स’ आला होता. चौघांना एकाच टीव्हीसमोर बसून खेळता येतो. साधा, चौकोनी ठोकळ्यांचा आणि पुष्कळ लोकांनी ‘मुलांचा आहे’ म्हणून हिणवलेला. पडलेल्या साथीदाराजवळ जाऊन बटण धरून ठेवलं की तो उठतो. भाची सगळी झुंड तुडवत माझ्यापर्यंत यायची, स्वतः अर्धमेली होऊन मला उठवायची आणि म्हणायची, ‘मामा, आता पळ.’ मोठ्यांच्या कुठल्याही गेमनं मला एवढं जपलेलं नाही. आमच्या गटाला तो पुरला नाही, हे मात्र खरं. दोन बैठकींत आम्ही शेवटाला पोहोचलो.

न्यू जर्सीतला मित्र परत जोडला गेला तेव्हा वेळेचं गणित बसवावं लागलं. त्याची शनिवारची रात्र साडेनऊ, आमची रविवारची सकाळ सात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं मागे गेली की आमचे आठ वाजतात आणि मार्चमध्ये पुन्हा सात. दर वर्षी एक रविवार या घोळात वाया जातोच. बनशंकरीतली रविवार सकाळ म्हणजे गल्लीतून पालेभाजीवाल्याची ‘सोप्पू, सोप्पू’ अशी लांबलचक हाळी. माझ्या माइकमधून ती पलीकडे जाते. वहिनी वैतागतात, म्युट कर म्हणतात. न्यू जर्सीवाला म्हणतो, राहू दे.

अंतराचा दुसरा परिणाम अधिक त्रासाचा. बंगळूरहून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यापर्यंत सिग्नल जाऊन यायला सेकंदाचा पाचवा हिस्सा तरी लागतो, बहुतेक वेळा जास्तच. चुकवाचुकवीच्या गेममध्ये एवढ्यानं माणूस मरतो. राक्षसानं उगारलेला हात तुम्हाला दिसतो तेव्हा तो बसून गेलेला असतो. अशा गेममध्ये ज्याच्या कॉम्प्युटरवर खेळ चालतो, त्या होस्टला काही जाणवत नाही आणि लांबचा माणूस ठेचा खात राहतो. पुन्हा सांगलीकरच. जुनं मशीन गेलं आणि समुद्र आला.

यावर तोडगा म्हणून २०२१ मध्ये ‘ग्लूमहेवन’ घेतला. मुळात हा टेबलावरचा खेळ, खोक्याचं वजनच दहा किलोच्या आसपास. त्याची कॉम्प्युटरवरची आवृत्ती त्या वर्षी पूर्ण झाली. डाव आळीपाळीचा, त्यामुळे सिग्नल उशिरा पोहोचला तरी कुणी मरत नाही. प्रत्येक फेरीत हातातले दोन पत्ते निवडायचे. पत्ते हळूहळू संपत जातात आणि ते संपले की तुम्ही थकून खाली बसता, डाव संपेपर्यंत. माझा पत्ता नेमका कितव्या क्रमांकाला चालणार, हा आकडा साथीदारांना सांगायचा नाही, असा नियम आहे. ‘मी जरा लवकर जाईन’, ‘मला उशीर होईल’ एवढंच म्हणायचं. नियम विचित्र वाटतो. त्यामागचं कारण आम्हाला पहिल्याच डावात समजलं. पुणेकर त्या दिवशी वहिनींच्या मागे उभा राहून सगळ्यांचे पत्ते सांगायला लागला : तू हा टाक, तू तिकडे जा, मग मी म्हणतो तसं. प्रत्येक गटात असा एक असतोच, ज्याला चारही हात स्वतःच खेळायचे असतात. आकडे झाकले की त्याचं गणित अडतं आणि प्रत्येकाला आपापला निर्णय घ्यावा लागतो. हा नियम ज्याला सुचला त्याला माणसं कळत होती.

तरीही ‘ग्लूमहेवन’ आमच्या हातून अर्ध्यात सुटला. बेळगावकर एका डावात सुरुवातीलाच थकून बसला. त्यानं चहा केला, मुलीची वेणी घातली, खाली जाऊन दूध आणलं. परत आला तेव्हा आम्ही त्याच खोलीत. तो म्हणाला, ‘मी मेलोय, माझी तक्रार नाही. पण तुम्ही लवकर मरा की.’ मेलेल्या माणसानं किती वेळ बसून राहायचं, ही मी बघतो ती तिसरी गोष्ट.

मधल्या काळात मंड्याचा मित्र नेहमी विचारायचा, आपल्याकडचा असा गेम का नाही? पुण्याच्या नॉडिंग हेड्सनं ‘राजी’ केला, २०२० मध्ये. देखणा आहे, पण एकट्यानं खेळायचा. मला तर देवगिरीच्या किल्ल्यातली अंधारी पाहिल्यापासून वाटतं, की या प्रकाराचा आराखडा तिथे तयारच आहे. कातळात खोदलेला काळाकुट्ट वळणांचा जिना, पायऱ्यांची उंची मुद्दाम कमी-जास्त, चकवणाऱ्या वाटा, डोक्यावर वटवाघळं. परदेशी गेममधली निम्मी भुयारं तिच्यापुढे फिकी आहेत. चौघांसाठी असा गेम करायला पैसा आणि वर्षं दोन्ही लागतात, हे कळतं. कुणीतरी करावा.

आम्ही स्थिरावलो ते ‘डीप रॉक गॅलॅक्टिक’वर. कोपनहेगनच्या घोस्ट शिप गेम्सचा हा गेम २०२० च्या मे महिन्यात पूर्ण झाला. जाणकार म्हणतील, हा काही खरा डंजन क्रॉलर नव्हे. नसेल. तलवारी नाहीत, वाडे नाहीत. हॉक्सेस नावाच्या ग्रहाच्या पोटात खनिज काढायला उतरणारे चार बुटके खाणकामगार आहेत. गुहा दर वेळी नवी तयार होते. स्काउट दोर मारून कुठेही झेपावतो आणि छताला उजेड चिकटवतो. इंजिनिअर भिंतीवर पाय ठेवायला फळ्या मारतो. ड्रिलर दगडातून सरळ बोगदा काढतो. गनर दोर बांधून सगळ्यांना दरी पार करवतो आणि वेळ आली तर ढाल उभी करतो.

एक नेहमीचा प्रसंग सांगतो. उंच भिंतीवर सोनं चमकतंय. स्काउट तिथे पोहोचू शकतो, पण उभा राहू शकत नाही. इंजिनिअर फळी मारू शकतो, पण अंधारात त्याला सोनं दिसत नाही. स्काउट आधी वर उजेड मारतो, इंजिनिअर सोन्याच्या बरोबर खाली फळी चिकटवतो, स्काउट दोरानं वर जाऊन तिच्यावर उतरतो आणि कुदळ चालवतो. तेवढ्यात कुठल्यातरी भोकातून किडे यायला लागतात आणि मंड्याचा मित्र ओरडतो, ‘बंद्रु, बंद्रु!’ म्हणजे ‘आले, आले!’ बाकीचे दोघं खाली पाठ लावून उभे राहतात. सोनं मात्र एकट्या स्काउटचं होत नाही. खोदलं कुणीही तरी ते चौघांच्या खात्यावर, सारखंच. सगळ्यांत कमी खेळणाऱ्या बेळगावकराला तेवढंच मिळतं जेवढं रोज खेळणाऱ्या मंड्याच्या माणसाला. त्यामुळे पिशवी उघडून बसायचं कारण राहत नाही आणि बोलणं थांबत नाही.

वाटणीचा खरा पेच गोळ्यांचा. नायट्रा नावाचं लाल खनिज ८० भरलं की वरून दारूगोळ्याचा खांब मागवता येतो. त्यात चार कप्पे. एकेकाला एक, असं कुठेही लिहिलेलं नाही आणि दोन घेणाऱ्याला गेम अडवतही नाही. आमच्यात पहिल्या दिवसापासून प्रत्येक जण खांबाजवळ जाऊन विचारतो, ‘माझ्याकडे अर्ध्या आहेत, कुणाला जास्त गरज आहे का?’ हे वाक्य मी डायब्लोच्या काळात कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं, माझ्या स्वतःच्याही नाही. आम्ही सज्जन झालो असं मला वाटत नाही. शेवटी सगळ्यांना एकच वाटा मिळणार असेल, तर शेजाऱ्याच्या गोळ्या संपणं हे आपलंच नुकसान असतं.

काम झालं की परतीचं यान येतं आणि पाच मिनिटांत गाठावं लागतं. एक जण पोहोचला तरी मोहीम यशस्वी धरतात. गेमच्या नियमात एवढं पुरतं. आमच्या वहिनी यानाच्या दारात थांबून मागे वळून बघतात, कोण पडलंय ते. त्या पायी आम्ही कितीतरी जिंकलेल्या मोहिमा हरलो आहोत. न्यू जर्सीवाला बहुतेक वेळा पडलेला असतो आणि म्हणतो, ‘जा तुम्ही.’ त्याचं कुणी ऐकत नाही.

दोष आहेत. होस्टची वीज गेली की सगळ्यांचाच खेळ बंद. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात आमच्या गल्लीत गुलमोहराची फांदी तारांवर पडते ती ठरल्यासारखी, म्हणून ज्याच्या घरी यूपीएस तो होस्ट, असं ठरवून टाकलं आहे. बाकी कुणाची वीज गेली तर तो परत येऊन चालू मोहिमेत शिरू शकतो. कथा जवळपास नाहीच. ज्याला कथा हवी त्यानं दोघांत ‘चिल्ड्रन ऑफ मोर्टा’ खेळावा. एका कुटुंबाची गोष्ट आहे आणि नवरा-बायकोनं किंवा बहीण-भावानं एका टीव्हीसमोर बसून खेळायला त्याच्याइतका चांगला गेम मला माहीत नाही.

मला कुणी विचारलं, तर मी आता गेमचं नाव सांगायच्या आधी उलट प्रश्न विचारतो. सगळ्यात जुना लॅपटॉप कुणाचा? सगळ्यात कमी वेळ कुणाला? कोण लांब राहतं? मग त्या माणसाला फोन करून त्याला काय चालेल ते आधी विचारा, ग्रुपवर विचारू नका. ग्रुपवर तो ‘काहीही चालेल’ म्हणेल. गेम पूर्ण किमतीला घेऊ नका, स्टीमचा सेल लागेपर्यंत थांबा. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर स्टीम पैसे परत देतं. ते दोन तास एकट्यानं पात्राची दाढी निवडण्यात घालवू नका, चौघांनी एकत्र उतरा. आणि अगदीच काही सुचत नसेल तर ‘डीप रॉक’ घ्या. डिस्कवर जेमतेम तीन जीबी जागा घेतो आणि एस. पी. रोडवरच्या जुन्या ग्राफिक्स कार्डावरही चालतो.